कॅमिनो दे सांतियागो, गाइडशिवाय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुक्काम आधीच बुक केलेले, बॅग गाडीने पुढे जाणार आणि वाटेवर फक्त तुम्ही. स्पेनमधली कॅमिनो, म्हणजे सांतियागोची पायी यात्रा, अशी चालायची म्हटलं की जे प्रश्न हमखास येतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. उदाहरणं बहुतेक सारिया ते सांतियागो या शेवटच्या सुमारे ११५ किलोमीटरमधली आहेत, कारण नोकरीतून रजा काढून जाणाऱ्यांचा पहिला बेत बहुधा तोच असतो.

कॅमिनो म्हणजे नक्की कुठून कुठे?

शेवट एकच, सुरुवाती अनेक. स्पेनच्या वायव्य कोपऱ्यात गालिसिया प्रांत आहे. तिथल्या सांतियागो दे कोम्पोस्तेला या गावातल्या कॅथेड्रलपाशी सगळ्या वाटा येऊन मिळतात. येशूच्या बारा शिष्यांपैकी याकोब, म्हणजे स्पॅनिश लोकांचा सांतियागो, इथे पुरला आहे अशी श्रद्धा. नवव्या शतकात हे थडगं सापडल्याची वार्ता पसरली आणि अस्तुरियासचा राजा दुसरा अल्फोन्सो ओव्हिएदोहून दर्शनाला आला, असं परंपरा सांगते. त्याच्या वाटेला आज कॅमिनो प्रिमितिवो म्हणतात.

सगळ्यात गाजलेली वाट म्हणजे कॅमिनो फ्रान्सेस; सारिया गाव याच वाटेवर आहे. फ्रान्सच्या हद्दीतल्या सां-झां-पिए-द-पोर या गावातून निघायचं, पिरेनीज पर्वत ओलांडायचा आणि साधारण ७८० किलोमीटर पश्चिमेकडे चालत राहायचं. पूर्ण करायला महिनाभर, थोडा वरच, लागतो. १९९३ मध्ये ती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली. पोर्तुगालमधल्या पोर्तोहून येणारी वाट त्या मानाने सोपी आणि सुमारे २४० किलोमीटरची आहे. तिच्यावरच्या तुई गावापासून निघालात तर सारियाइतकंच अंतर पडतं आणि गर्दीही थोडी कमी असते.

पर्यटन कंपनी नेमकं काय देते? पैसे कशाचे मोजायचे?

‘सेल्फ-गायडेड’ पॅकेजमध्ये चार गोष्टी असतात: रोजची खोली (बहुधा नाश्त्यासकट), एका मुक्कामावरून पुढच्या मुक्कामावर बॅग पोचवणं, वाटेची माहितीपुस्तिका किंवा ॲप आणि अडचणीला एक फोन नंबर. तुमच्याबरोबर चालणारं कुणी नसतं.

यातल्या वाटेच्या माहितीसाठी कुणी जास्त पैसे मागत असेल तर देऊ नका. कॅमिनोवर वाट दाखवायला माणूस लागत नाही, ते पुढे येईलच. खोल्या आणि बॅग यांची मात्र खरी किंमत आहे. पाच-सहा जण एकत्र निघाला असाल तर सलग सहा रात्री एकाच ठिकाणी सगळ्यांना खोल्या मिळवणं हे फोन, मेल आणि संयमाचं काम आहे. ते दुसऱ्याने केलेलं बरं.

दोघंच असाल तर स्वतः करणं अजिबात अवघड नाही. नेहमीच्या बुकिंग साइटवर वाटेवरची पेन्सिओन (छोटी लॉज) आणि खासगी आल्बेर्गे (यात्रेकरूंच्या धर्मशाळा) दिसतात. बॅगा तर स्पेनचं पोस्ट खातंसुद्धा पोचवतं. त्या सेवेचं नाव ‘पाक मोचिला’. ऑनलाइन नोंदवायचं, टप्प्यागणिक काही युरो भरायचे.

रोज किती किलोमीटर चालायचं?

पॅकेज घेताना खरा विचार करायचा तो याच प्रश्नाचा, आणि नेमका याचाच फार कमी लोक करतात. खोलीत टीव्ही आहे का, हे मात्र चारदा विचारतात.

सारियापासूनचा ठरलेला कार्यक्रम पाच दिवसांचा असतो: पोर्तोमारिन २२ किलोमीटर, पालास दे रेइ २५, आर्सुआ २९, ओ पेद्रोउसो १९ आणि शेवटी सांतियागो २०. कागदावर हे निवांत वाटतं. पण गालिसिया सपाट नाही. ओढ्यात उतरायचं, पुन्हा टेकाड चढायचं, असं दिवसभर चालू असतं. पालास ते आर्सुआ हा २९ किलोमीटरचा दिवस तिसरा येतो, म्हणजे पाय नेमके जेव्हा कुरकुरायला लागतात तेव्हा.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. जो यात्रेकरू पाठीवर सगळं घेऊन, बुकिंग न करता चाललाय, तो गुडघा दुखला की पुढच्या गावात थांबतो. तुम्हाला ते जमत नाही. तुमची बॅग सकाळीच पुढे गेलेली असते, खोलीचे पैसे भरलेले असतात. आगाऊ बुकिंगने डोक्याचा ताप जातो, पण मधेच थांबायची मोकळीकही जाते. म्हणून अंतर ठरवताना उत्साहातल्या स्वतःचा नव्हे, तर तिसऱ्या दिवशी पावसात भिजलेल्या स्वतःचा विचार करा.

माझा सल्ला: सात दिवस घ्या. पालास ते आर्सुआचे दोन तुकडे करून मधे मेलिदेला मुक्काम करा. १५ आणि १४ असे दोन सुखाचे दिवस होतात. पहिल्या दिवशीही पोर्तोमारिन गाठायची घाई नको. फेरेरोसच्या आसपास, साधारण १३ किलोमीटरवर, थांबता येतं. कंपनीला तसं सांगितलं तर ती करून देते, फक्त आधी सांगावं लागतं. दोन रात्रींचा जादा खर्च येतो, तो बाकी कशात तरी वाचवा.

पोर्तोमारिनला दमून पोचण्यात आणखी एक गंमत आहे. मिन्यो नदीवरचा लांबलचक पूल ओलांडला की समोर दगडी पायऱ्यांचा उभा जिना येतो, आणि गाव त्याच्या वर आहे. मूळ गाव खाली होतं. १९६० च्या दशकात बेलेसार धरणाच्या पाण्याखाली ते गेलं. त्याआधी तिथलं किल्ल्यासारखं दिसणारं चर्च दगड-दगड सुटा करून वर नेऊन पुन्हा उभारलं. भिंतीजवळ जाऊन नीट पाहिलं तर काही दगडांवर त्या वेळी घातलेले आकडे अजून दिसतात. जलाशयाचं पाणी उतरलेलं असलं तर पुलावरून जुन्या गावाचे अवशेषही दिसतात. २२ किलोमीटर चालून आलेल्या माणसाला हे सगळं बघायची इच्छा उरत नाही, नऊ किलोमीटर चालून आलेल्याला उरते.

वाट चुकण्याची भीती आहे का?

फारशी नाही. झाडाच्या खोडावर, घराच्या कोपऱ्यावर, विजेच्या खांबावर, रस्त्यावरच्या पाटीच्या पाठीमागे, सगळीकडे पिवळे बाण रंगवलेले आहेत. ओ सेब्रेइरो या डोंगरातल्या गावचे पाद्री एलियास वालिन्या यांनी १९८४ मध्ये रंगाचे डबे घेऊन फ्रान्सेस वाटेवर हे बाण काढायला सुरुवात केली. आज ते कॅमिनोची ओळखच झाले आहेत. गालिसियात शिरलं की दगडी खुणाही लागतात. त्यांच्यावर शिंपल्याचं चिन्ह, बाण आणि सांतियागोपर्यंतचं उरलेलं अंतर थेट मीटरपर्यंत कोरलेलं असतं. पायाला फोड आलेल्या माणसाला ते दशांश चिन्हानंतरचे तीन आकडे जरा डिवचतात.

दोन जागी लक्ष ठेवा. एक, गावातून बाहेर पडताना, विशेषतः अंधारात; तिथे बाण दुकानांच्या पाट्यांत हरवतात. दुसरी, जिथे खुणेवर ‘कोंप्लेमेन्तारिओ’ असं लिहिलेलं असतं. ती पर्यायी वाट, बहुधा थोडी लांबची. चुकीची नाही, पण त्या वाटेने गेलात तर उगाच गोंधळू नका. बराच वेळ बाण दिसला नाही तर पुढे रेटायचं नाही, शेवटच्या बाणापर्यंत मागे यायचं.

हे आपल्या वारीसारखं असतं का?

नाही. पालखी नाही, दिंडी नाही, ठरलेली तिथी नाही. वर्षातल्या कोणत्याही दिवशी कुणीही निघतं आणि आपापल्या चालीने चालतं. भाविक असायलाच हवं असंही नाही. मात्र समोरून जाणारा अनोळखी माणूस ‘बुएन कामिनो’ (वाट सुखाची होवो) म्हणतो तेव्हा उत्तर द्यायचं असतं, एवढा सारखेपणा आहे.

कोणता महिना चांगला?

मे, जूनचा पहिला पंधरवडा आणि सप्टेंबर. गालिसिया हिरवं आहे ते पावसामुळे, तेव्हा कोणत्याही महिन्यात पोंचो हवाच. जुलै-ऑगस्टमध्ये स्पेनमधल्या शाळांना सुट्टी असते आणि सारियापासूनची वाट गजबजून जाते. २५ जुलै हा संत याकोबाचा सण, त्या आठवड्यात सांतियागोत खोली मिळणं कठीण. तो सण रविवारी आला की ते ‘पवित्र वर्ष’ मानतात. २०२७ हे तसं वर्ष आहे. एरवीही, २०२४ मध्ये सांतियागोच्या यात्रेकरू कार्यालयात नोंद झालेल्यांचा आकडा पाच लाखांच्या जवळ गेला होता. तेव्हा २०२७ मध्ये जायचं असेल तर बुकिंग फार आधी करा, गर्दी नको असेल तर ते वर्ष टाळा.

पूर्ण ७८० किलोमीटर करणाऱ्यांसाठी: सां-झांहून डोंगरमाथ्यावरून जाणारी नेपोलियन वाट १ नोव्हेंबर ते ३१ मार्च बंद असते. तेव्हा खालच्या वाल्कार्लोसच्या वाटेने जावं लागतं.

उजेडाचंही गणित वेगळं आहे. स्पेनचं घड्याळ मध्य युरोपाचं, पण गालिसिया अगदी पश्चिमेला. त्यामुळे जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो आणि ऑक्टोबरच्या मध्यात सकाळी साडेआठपर्यंत अंधार. सहा वाजता उठून निघायची सवय असेल तर टॉर्च बरोबर ठेवा किंवा सवय थोडी सैल करा. बॅग पुढे जाणार आहे, बिछाना राखीव आहे, पहाटे पळायचं कारणच काय?

व्हिसाचं काय?

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांसाठीचा एकच सामायिक व्हिसा, लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि निदान १५ दिवस आधी करावा लागतो. प्रत्यक्षात दोन-तीन महिने आधी केलेला बरा, कारण उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळत नाही. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो, व्हिसा केंद्राचा आकार वेगळा. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा हवा.

मुक्कामाचे कागद लागतात, आणि इथे आगाऊ बुकिंगचा मोठा फायदा होतो. ‘वाटेत मिळेल तिथे झोपेन’ हे व्हिसाच्या अर्जात लिहिण्यासारखं उत्तर नाही. पोर्तोहून चालणार असाल तर रात्री मोजा. ज्या देशात जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज; दोन्हीकडे सारख्या असतील तर जिथून शेंगेनमध्ये शिरणार त्या देशाकडे.

सारियाला पोचायचं कसं?

माद्रिदला उतरून रेल्वेने किंवा बसने. सारियाला रेल्वे स्टेशन आहे, पण गाड्या मोजक्याच. लुगोपर्यंत जाऊन पुढे बस पकडणं कित्येकदा सोयीचं पडतं. परतीला सांतियागोहून माद्रिदला वेगवान रेल्वे आहे, साडेतीन तासांच्या आसपास घेते. विमानतळही आहेच.

बॅगेत काय, पाठीवर काय?

पुढे जाणाऱ्या बॅगेला वजनाची मर्यादा असते, बहुधा १५ ते २० किलो. एका माणशी एकच बॅग, चिठ्ठी बांधून सकाळी आठपर्यंत रिसेप्शनला ठेवायची. दुपारी तुम्ही पोचायच्या आत ती पोचलेली असते.

पासपोर्ट, पैसे, रोजची औषधं, चार्जर आणि क्रेदेन्सियाल (शिक्के घ्यायचं यात्रेकरूचं पुस्तक) त्या बॅगेत कधीही टाकू नका. हे सगळं पाठीवरच्या छोट्या सॅकमध्ये, पोंचो, लिटरभर पाणी, सुका मोजा आणि थोडं खाणं यांच्यासोबत. पाण्यासाठी गावोगावी नळ आहेत. ‘नो पोताब्ले’ लिहिलेलं असेल तर ते पिऊ नका.

सनस्क्रीन विसरू नका. तुम्ही दिवसभर पश्चिमेकडे चालत असता आणि दक्षिणेचं ऊन डावीकडून येतं. आठवड्याने आरशात बघितलं की डावा गाल, डावा कान आणि डाव्या पोटरीची मागची बाजू वेगळ्याच रंगाची झालेली असते.

पायांना फोड आले तर?

‘येतील तेव्हा’ असं धरूनच चला. नवे बूट घालून निघू नका; निदान दोन महिने त्यांच्यात चाललेलं असावं. बूट अर्धा ते एक नंबर मोठा घ्या, कारण चालून पाय सुजतो आणि उतारावर अंगठा पुढे आपटतो. सुती मोजे नकोत, ते घाम धरून ठेवतात. लोकरीचे किंवा सिंथेटिक घ्या. अर्ध्या वाटेत बूट-मोजे काढून पाय वाऱ्याला लावायचे आणि मोजे बदलायचे. सगळ्यात महत्त्वाचं, टाचेला किंवा बोटाला गरम लागायला लागलं की त्याच क्षणी थांबून पट्टी लावायची. ‘पुढच्या बारमध्ये बघू’ म्हणणाऱ्याचा फोड पुढच्या बारपर्यंत तयार होतो. हिरव्या क्रॉसची फार्मासिया, म्हणजे औषधांचं दुकान, वाटेवरच्या प्रत्येक बऱ्या गावात असते आणि तिथल्या लोकांना तुमचा पाय बघून काय द्यायचं ते कळतं, स्पॅनिश येवो न येवो.

चालायच्या काठ्या गुडघ्यांना मोठा आधार देतात. विमानात त्या चेक-इनच्या सामानात टाका.

शाकाहारी माणसाचं भागतं का?

भागतं, पण बोलावं लागतं. ‘सिन कार्ने’ म्हणजे मांसाशिवाय, एवढंच सांगितलं तर मासा येऊ शकतो आणि हॅमला तर पुष्कळ जण मांसात धरतच नाहीत. ‘नो कोमो कार्ने, नि पेस्कादो, नि हामोन’ हे वाक्य पाठ करा. मिक्स सॅलड मागवलंत तर त्यावर ट्यूना असतो. ‘सिन अतून’ असं आधीच सांगायचं. काल्दो गालेगो हे पालेभाजी-बटाट्याचं सूप दिसायला निरागस आहे, शिजवतात मात्र डुकराच्या चरबीत. लेन्तेहास म्हणजे मसूर, त्यात चोरिसो सॉसेजचे तुकडे असतात. मेलिदे तर ऑक्टोपससाठीच प्रसिद्ध आहे, तिथे शेजारच्या टेबलावर काय येईल याची मनाची तयारी ठेवा.

अंडं चालत असेल तर चिंता मिटली. बटाट्याची तोर्तिया, म्हणजे जाड ऑम्लेट, प्रत्येक बारमध्ये, दिवसभर मिळते. अंडंही नको असेल तर पाव, तेतिया चीज, पाद्रोनच्या तळलेल्या छोट्या मिरच्या, फळं, सुकामेवा असं जुळवावं लागतं. सांतियागोचा प्रसिद्ध बदामाचा केक, तार्ता दे सांतियागो, त्यातही अंडं असतंच. रविवारी दुकानं बहुतेक बंद, दुपारी दोन ते पाच बऱ्याच ठिकाणी शटर खाली आणि रात्रीचं जेवण आठनंतर. यात्रेकरूंचं ठरलेलं ताट, ‘मेनू देल पेरेग्रिनो’, त्याआधी मिळतं. सॅकमध्ये चिवड्याचं पाकीट असू द्या, इतकंच.

शिक्के आणि प्रमाणपत्र कसं मिळतं?

क्रेदेन्सियाल हे यात्रेकरूचं घडीचं पुस्तक. कंपनी आधी पाठवते, नाहीतर सारियात चर्चमध्ये किंवा आल्बेर्गेत काही युरोंना मिळतं. बार, चर्च, मुक्कामाची जागा, सगळीकडे शिक्के असतात. सारियापासून निघणाऱ्यांनी रोज किमान दोन घ्यायचे. कॉफी प्यायची, शिक्का मारून घ्यायचा, असं जमून जातं. बारमधलं टॉयलेट वापरायलाही तेवढंच निमित्त.

‘कोम्पोस्तेला’ या लॅटिनमधल्या प्रमाणपत्रासाठी पायी किमान १०० किलोमीटर (सायकलने २००) लागतात. ते सांतियागोत यात्रेकरू कार्यालयात मिळतं, फुकट. नाव-गाव ऑनलाइन नोंदवून गेलात तर रांगेतला वेळ वाचतो. यात्रेचं कारण विचारतात. धार्मिक किंवा आध्यात्मिक असं काहीच नसेल तर वेगळा, स्वागतपर दाखला देतात. हिंदू आहोत म्हणून कुणी अडवत नाही.

एकट्या बाईने जावं का?

जातात, आणि पुष्कळ जातात. मे ते सप्टेंबरमध्ये सारियानंतर तुम्ही एकट्या अशा फारशा नसताच. अंधारात एकटीने निघू नका, घरच्यांशी लोकेशन शेअर करा. आणीबाणीसाठी ११२. स्पॅनिश पोलिसांचं ‘अलर्टकॉप्स’ नावाचं ॲपही आहे, निघायच्या आधी फोनमध्ये घालून ठेवा.

गुडघे दुखतात, वय साठीच्या पुढे आहे. जमेल?

दोन दिवस सलग १५ किलोमीटर, चढउतारावर, चालून बघा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जिना उतरता आला तर जमेल. एखादा टप्पा टॅक्सीने केला तरी चालण्याचा आनंद कुठे जात नाही, पण प्रमाणपत्र हवं असेल तर सारियापासून अंतराला मुभा फार थोडी आहे. तेव्हा टॅक्सीपेक्षा छोटे टप्पे बरे. डॉक्टरांना विचारा, औषधांची चिठ्ठी जवळ ठेवा.

खर्च किती येतो?

गालिसिया सरकारच्या आल्बेर्गेत बंक-बेड १० युरोंच्या आसपास पडतो, पण तिथे आगाऊ बुकिंग होत नाही, म्हणजे या पद्धतीच्या प्रवासात त्याचा उपयोग नाही. पेन्सिओनमध्ये दोघांची खोली साधारण ५० ते ८० युरो, यात्रेकरूंचं जेवण १२ ते १५. खोली, बॅग, दोन जेवणं आणि कॉफ्या मिळून दोघांचा रोजचा हिशेब यावरून मांडता येईल. पॅकेजचा भाव त्याच्याशी ताडून बघा. फरक कंपनीच्या मेहनतान्याइतका असावा, दुप्पट नव्हे. लहान बारमध्ये कार्ड चालेलच असं नाही, नोटा जवळ ठेवा.

कॅथेड्रलमधलं ते झुलतं धुपाटणं बघायला मिळेल का?

नशीब असेल तर. बोताफुमेइरो ५० किलोंहून जड आहे आणि आठ माणसं दोर ओढून ते छतापर्यंत झुलवतात. ते रोज होत नाही; ठरावीक सणांना किंवा कुणी देणगी देऊन सांगितलं तर. त्यासाठी तारखा हलवू नका. त्यापेक्षा ११८८ च्या सुमारास मास्टर मातेओ या शिल्पकाराने घडवलेलं पोर्तिको दे ला ग्लोरिया, म्हणजे कॅथेड्रलचं कोरीव दगडी प्रवेशद्वार, बघायला वेळ काढा, तिकीट आधी काढा. मोठी सॅक घेऊन कॅथेड्रलमध्ये सोडत नाहीत, आधी मुक्कामावर टाकून या.

पुढे समुद्रापर्यंत जायचं असेल तर?

फिनिस्तेरे सांतियागोपासून सुमारे ९० किलोमीटर, चालत तीन ते पाच दिवस. शून्य किलोमीटरचा दगड दीपगृहाजवळ आहे. रजा संपली असेल तर सांतियागोहून बसने सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं. जुने बूट-कपडे तिथे जाळायची एक टूम होती. त्याला आता बंदी आहे.